रविवारचा हात

आई गेली त्या वर्षीच्या दिवाळीत मी तुळशीबागेत जाऊन बांगड्या भरून आले. हातात बांगड्या होत्या, चांगल्या धडधाकट होत्या, तरी गेले. बांगडीवाल्या बाईने माझा हात आपल्या हातात घेतला, अंगठा आत दुमडला, पंजा दाबून दाबून मऊ केला आणि एकेक बांगडी चढवली. "ताई, हात फार कडक झालाय हो," ती म्हणाली. "वापरात नाही," मी म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा केली. महिन्याभराने पुन्हा गेले, तेव्हा माझ्या मनगटाकडे बघून ती म्हणाली, "अहो, या आहेत की अजून!" मग तिथे जायची लाज वाटायला लागली.

मी लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले, संगणक आले तेव्हा संगणकावर बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. निवृत्तीनंतर आई अंथरुणाला खिळली. तिला उठवून बसवायचं, अंग पुसायचं, केस विंचरायचे, कुशीवर वळवायचं, दिवसभर माझे हात तिच्या अंगाला आणि तिचे माझ्या गळ्यात. मी फार वैतागायचे. एकदा म्हटलंही होतं, "आई, जरा सोड मला, भाजी करपतेय." ती गेल्यावर भाजी करपायची बंद झाली.

एकटेपणाची सवय होते असं म्हणतात. न बोलायची होते, हे मी सांगते. मी तशीही बोलघेवडी नव्हते. पण आपल्याला कुणी हात लावत नाही याची सवय होत नाही. पूर्वी मंडईत सुट्टे पैसे तळहातावर तरी पडायचे. आता स्कॅन करायचं आणि चालू पडायचं. डॉक्टर रिपोर्ट पडद्यावर बघतात, नाडी बघत नाहीत. सोसायटीतले लोक लोखंडी जाळीच्या दारापलीकडून "काळजी घ्या हं" म्हणतात. काळजी घेते की मी. दुसरं आहे काय घ्यायला?

आमची सोसायटी मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला आहे. वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहते, ख्रिस्ती. डिसेंबरात तिच्याकडून डबा यायचा. आमचा दिवाळीचा फराळ संपून महिना झालेला असायचा आणि त्यांच्या नाताळच्या करंज्या-चकल्या सुरू व्हायच्या. आई "वा, वा" म्हणून डबा ठेवून घ्यायची आणि चकल्या सोडून बाकी सगळं कामवालीला देऊन टाकायची. चकल्याच का ठेवायची हे मी विचारलं नाही, कारण चकल्या खरोखर चांगल्या असायच्या. आई तशी कडक सोवळ्यातली. पण शेवटच्या दिवसांत हीच नर्स रोज खाली येऊन तिला कुशीवर वळवून द्यायची आणि आई तिच्या हातून पाणी प्यायची. सोवळं कधी सुटलं ते आईला कळलं नाही, किंवा तिने आम्हाला कळू दिलं नाही.

आई गेल्यावर काही महिन्यांनी ही नर्स जिन्यात भेटली. म्हणाली, "रविवारी सकाळी काय करता?"

"सोमवारची वाट बघते."

"मग चला माझ्याबरोबर चर्चला. नुसत्या बसा. मी गायकवृंदात असते, तुम्हाला त्रास नाही द्यायची."

"बाटवणार का मला?"

"अहो, तुम्हाला बाटवून आम्हाला काय मिळणार? पुढच्या रविवारपासून आमच्याच चुका काढत बसाल."

बाई मला ओळखून होती. गेले.

पूर्वेकडच्या पेठांतल्या एका गल्लीत ते देऊळ होतं. देऊळ हा त्यांचाच शब्द, मी माझ्या पदरचा घातलेला नाही. जुनी दगडी इमारत, आत लाकडी बाकं, वर पंखे. दारात दोन बायका उभ्या होत्या. या लोकांत एकमेकांना भेटल्यावर "सलाम" म्हणतात. मलाही "सलाम, सलाम, या ना" म्हणून त्यांनी आत नेलं. नर्स पुढे गायला गेली आणि मला डाव्या बाजूच्या मधल्या एका बाकावर बसवलं गेलं. शेजारी एक म्हातारी होती, नऊवारीतली, डोक्यावर पदर.

उपासना सुरू झाल्यावर थोड्या वेळाने त्यांचे धर्मगुरू, ज्यांना सगळे पाळकसाहेब म्हणतात, ते म्हणाले, "आज प्रथमच आलेल्यांनी कृपया उभं राहावं." मी मान खाली घातली. नर्सने पुढून माझ्याकडे असं बघितलं की उठावंच लागलं. सगळं देऊळ मागे वळलं, टाळ्या वाजल्या, स्वागताचं एक कडवं गायलं गेलं आणि एका बाईने माझ्या हातात गुलाब दिला. पुण्यात जन्म गेला माझा. इथे पाहुणा उभा राहिला की तो निघाला असं समजून लोक त्याची चप्पल शोधून देतात. टाळ्या वाजवून बसवून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पुन्हा काही यायचं नाही, असं ठरवूनच मी खाली बसले.

मग प्रार्थना झाल्या, आणि पाळकसाहेब म्हणाले, "आता एकमेकांना शांतीने भेटू या." लोक उठले. समोरचे मागे वळले, मागचे पुढे वाकले, आणि जो तो शेजाऱ्याचा हात हातात घेऊन "शांती असो" म्हणू लागला. मला हे ठाऊक नव्हतं. म्हातारीने माझा हात घेतला. रुंद, खरखरीत आणि गरम हात होता तिचा. तिने नुसता हलवून सोडला नाही, दुसरा हात वरून ठेवला आणि धरून राहिली. "शांती असो, बाई," ती म्हणाली. मी तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं. तोवर पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ हात पुढे करून उभा होता, मागून कुणी खांद्याला हात लावत होतं. ते सगळं दोनेक मिनिटांत संपलं, लोक बसले, पाळकसाहेब प्रवचनाला लागले. मला प्रवचनातलं काहीही आठवत नाही. मी माझा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले होते.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले. नर्सला वाटलं गाणी आवडली. गाणी बरी होती. प्रवचन चालू असताना मी मनातल्या मनात पाळकसाहेबांची वाक्यं दुरुस्त करायचे. टायपिस्टची खोड, ती देवाच्या दारातही जात नाही. श्रद्धेचं म्हणाल तर घरी आईचे देव आहेत, त्यांना रोज फुलं वाहते, त्यांनीही कधी तक्रार केली नाही. मी जायचे त्या हातासाठी, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सत्तरीकडे झुकलेल्या बाईने, मी इथे हात धरायला येते, असं कसं सांगावं?

प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे उठून भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जायचे. ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. मी बाकावर बसून राहायचे. म्हातारी परत येऊन बसली की म्हणायची, "तुमाला ठेवून गेल्यावानी वाटतं बगा." मी म्हणायचे, "कुणीतरी पिशव्या राखायला नको का?" ती खुदकन हसायची. ती नगरकडची. मुलगा नोकरीला इथे म्हणून आलेली, घरात सून आणि कॉलेजातला नातू.

एकदा उपासनेनंतर चहा घेताना ती म्हणाली, "आमच्या सासूबाई सांगायच्या, गावात तुमच्यातल्या बाया पानी वरून ओतायच्या. ओंजळ धरून प्यायचं. शिवायचं न्हाई. तुमी पयल्या दिवशी हात फुडं केला न्हवं, मी घरी जाऊन सुनेला सांगितलं. म्हनलं, बग, आज काय झालं."

खरं तर हात तिने पुढे केला होता. मला तर काही माहीतच नव्हतं. पण सगळ्याच गोष्टी दुरुस्त करायच्या नसतात एवढी अक्कल मला त्या दिवशी होती. मी चहा संपवला. घरी जाताना बसमध्ये मला फार बरं वाटत होतं. माझ्या हाताने कुणाच्या घरात काहीतरी सांगण्यासारखं घडलं होतं.

पावसाळ्यानंतर त्यांचा हंगामाचा सण असतो. लोक भाजी, धान्य, फळं आणून देवापुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मीही यार्डातून एक थोरला लाल भोपळा नेला. तो दोन्ही हातांनी उचलून दाखवताना माझा कुणीतरी फोटो काढला. मंडळीच्या, म्हणजे त्या चर्चच्या, फेसबुकवर तो झळकला, खाली "सर्वांचे स्वागत आहे" असं लिहिलेलं. त्यांचा हेतू चांगलाच होता. ज्या कुणाला रविवारी कुठे जायला नाही त्याने तो बघून यावं, एवढाच.

तो बघून आला माझा भाचा.

माझा भाऊ गेल्याला बरीच वर्षं झाली. त्याचा हा मुलगा हिंजवडीत कामाला आहे, राहायलाही तिकडेच. दिवाळीला फोन करतो, वाढदिवसाला फुलांचं चित्र पाठवतो. एका संध्याकाळी तो मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा. मला आनंद झाला. मी पोहे टाकायला उठले, तर म्हणाला, "आत्या, बस ना. हे काय आहे?" आणि फोन पुढे केला.

"भोपळा आहे."

"आत्या, आय अ‍ॅम सीरियस. फॅमिली ग्रुपवर सगळे विचारतायत. तू कन्व्हर्ट वगैरे..."

"मला काही व्हायचं नाहीये. आहे तेच होऊन झालंय."

"मग जातेस कशाला? एकटं वाटत असेल तर सांगायचंस ना!"

धर्म बुडतोय म्हटल्यावर याला घर आठवलं, असं अगदी ओठावर आलं होतं. पण त्याचा चेहरा खरंच काळजीचा होता. हा पोरगा लहानपणी माझ्या कडेवरून उतरायचा नाही. आता सांगू या का याला, असं मला वाटलं. त्याच्यासमोर हात ठेवावा आणि म्हणावं, धर बाबा जरा. मी म्हटलं, "पोहे खाणार ना?"

जाताना तो नमस्काराला वाकला. हल्लीची मुलं वाकतात तसा, हात गुडघ्यापर्यंत येऊन परत गेला.

त्याने नंतर चर्चमध्ये जाऊन पाळकसाहेबांची गाठ घेतली, हे मला उशिरा कळलं. भांडायला गेला नव्हता तो. "आमची आत्या वयस्कर आहे, एकटी असते, तिच्यावर कसलाही दबाव नको," एवढंच शांतपणे बोलून आला. बोलण्याच्या ओघात हेही सांगितलं की आमच्या घरी फार सोवळं होतं, आजी कुणाला शिवूसुद्धा द्यायची नाही. पाळकसाहेबांनी त्याला चहा पाजला आणि काळजी करू नका म्हणून सांगितलं.

पुढच्या रविवारी मी नेहमीच्या बाकावर बसले. दारातल्या बायका सलामऐवजी "नमस्कार ताई" म्हणाल्या, तेव्हा मला काही वेगळं वाटलं नाही. शांतीने भेटायची वेळ आली. मी म्हातारीकडे वळले. तिने दोन्ही हात जोडले होते. पुढचा गृहस्थ वळला, त्यानेही हसून हात जोडले. मागच्या बाईनेही तेच केलं. माझ्या चहूबाजूंना लोक एकमेकांचे हात हातात घेत होते आणि माझ्याकडे वळले की अदबीने हात जोडत होते. मी अर्धवट पुढे केलेला हात मागे घेतला आणि पदर सारखा केला.

घरी आल्यावर मी थेट वरच्या मजल्यावर गेले. नर्सने दार उघडलं आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "बसा. सांगते." मग तिने भाचा येऊन गेल्याचं सांगितलं. मंडळीच्या पंचांची बैठक झाली होती. कुणी म्हणालं, ताईंना पुस्तिका वगैरे देऊ नका. कुणी म्हणालं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना नको. कुणी म्हणालं, आजकाल कोण कधी फोन काढेल सांगता येत नाही, 'एकट्या हिंदू बाईचा हात धरून तिला बाटवत होते' असं व्हायला नको. आणि मग एक जुने पंच म्हणाले होते की त्यांच्या घरी सोवळं आहे, शिवलेलं आवडत नसेल, बिचाऱ्या भिडेखातर हात देत असतील. आपण नमस्कार करू, त्यांचाही मान राहील. हे सगळ्यांना एकदम पटलं.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले मी. म्हटलं, त्यांना चालतं. तर म्हणाले, चालतं म्हणजे आवडतं असं नाही. आता तुम्हाला हात का हवा असतो, ते मी त्यांना कसं सांगू?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. गाण्यांवर ती कधी भुललीच नव्हती.

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, मी कुणाला काहीही उलटसुलट बोललो नाही. तुला जायचं तर खुशाल जा!" ते खरंच होतं. मग मी पाळकसाहेबांना गाठलं. टायपिंगच्या परीक्षेलाही मी एवढी घाबरले नव्हते. म्हटलं, "पाळकसाहेब, मला नमस्कार नको. सगळ्यांना भेटता तसंच मला भेटा." ते तरुण आहेत, सज्जन आहेत. म्हणाले, "ताई, मला तुमचं पटतंय. तुमच्यासाठी दार उघडंच आहे आणि राहील. पण माझ्यामागे सगळी मंडळी आहे हो. उद्या काही झालं तर मी एकटा नाही निस्तरू शकणार." त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. मी "बरं" म्हटलं.

एकच जागा उरली होती. पुढच्या रविवारी मी म्हातारीच्या शेजारी बसले आणि ती वेळ येईपर्यंत एक शब्दही ऐकला नाही. लोक उठले. ती हात जोडायच्या आत मी माझा उजवा हात तिच्यासमोर धरला. या वेळी खरंच मी धरला. म्हटलं, "आजी, शांती असो."

तिने हाताकडे बघितलं. जोडण्यासाठी उचललेले तिचे हात तसेच अधांतरी राहिले. मग तिने मान वळवून मागे बघितलं, दाराकडे बघितलं, पुढच्या बाकाकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "नातू म्हनला, आजी, व्हिडिओ निघंल. बाबाची नोकरी जाईल." आणि तिने हात जोडले, कपाळाला लावले, आणि तसेच जोडून उभी राहिली, जणू माफी मागत होती. पाळकसाहेब "बसून घ्या" म्हणेपर्यंत तिने ते खाली घेतले नाहीत. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. तिचं कोपर माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होतं आणि संपूर्ण प्रवचनभर तिने ते हलवलं नाही. मीही हलवलं नाही.

मी अजून जाते. घरी बसून तरी काय करणार, आणि न गेले तर तिला वाटेल मी रागावले. दारात "नमस्कार ताई" होतो, चहाला माझ्यासाठी खुर्ची ओढली जाते, माझी चौकशी होते. इतक्या मानाने मला उभ्या जन्मात कुणी वागवलं नव्हतं. शांतीने भेटायची वेळ झाली की म्हातारी माझ्याकडे वळते आणि क्षणभर तिला अवघडल्यासारखं होतं. म्हणून हल्ली मीच आधी हात जोडते.